कुंड्या आधी घ्यायच्या की झाडं आधी?

रिकामी_गच्ची (धागाकर्ती)
नमस्कार मंडळी. गच्ची मोकळी आहे. अर्ध्या भागात दुपारचं कडक ऊन, उरलेल्या अर्ध्यात फक्त सकाळचं. मनात आहे ते असं: गुलाब, मिरची, टोमॅटो, एक लिंबू, पुदिना, कोरफड आणि सावलीच्या बाजूला दोनचार शोभेची झाडं. घरातल्यांचं म्हणणं, आधी सगळ्या सारख्या, पांढऱ्या, एकाच मापाच्या कुंड्या आणून रांगेत मांडू, मग झाडं आणू. दिसायला ते छान दिसेल हे मलाही मान्य. पण मला वाटतं, झाड ठरल्याशिवाय कुंडी ठरवताच येत नाही.

शिवाय माती, प्लास्टिक, सिमेंट, चिनी माती, कापडी पिशव्या, पिंपं... दुकानात उभं राहिलं की डोकं चालेनासं होतं. तुम्ही काय वापरता आणि का, ते सांगा. 'का' जास्त महत्त्वाचं.

निवांत
मातीची. विषय संपला.

कोरडा_विनोद
विषय संपला तर धागा बंद करायला सांगा. आम्ही आत्ताच बसलोय.

खुरपं
निवांत, घाई करू नका हो. मातीची कुंडी मलाही प्रिय आहे, पण ती सगळ्यांसाठी नाही.

भाजलेल्या मातीच्या भिंतीतून पाणी हळूहळू झिरपतं आणि बाहेरच्या बाजूने उडून जातं. उडताना उष्णता घेऊन जातं, म्हणून माठातल्या पाण्यासारखी कुंडीतली मातीही गार राहते. मुळांना हवाही मिळते. जादा पाणी घालण्याची खोड असलेल्या माणसाला ही कुंडी सांभाळून घेते. पण हाच गुण कडक उन्हात अंगाशी येतो. लहान मातीची कुंडी सकाळी भरपूर भिजवली तरी संध्याकाळी कोरडी ठणठणीत. प्लास्टिक किंवा चकाकी दिलेली चिनी माती यांच्या भिंतीतून काहीच जात नाही. पाणी जातं ते वरून, पानांतून आणि तळाच्या भोकांतून, बस.

म्हणून माझा पहिला प्रश्न झाडाबद्दलचा नसतोच. तुमच्या घरात पाणी कोण घालणार? दिसली कुंडी की ओत पाणी, असं माणूस असेल तर माती. चार दिवस विसरणारं माणूस असेल तर प्लास्टिक. झाडाचा विचार त्यानंतर.

आणि मातीची घेणारच असाल तर वाजवून घ्या. बोटाने टिचकी मारली की खणखणीत वाजली पाहिजे. बद्द वाजली तर कच्ची भाजलेली तरी आहे किंवा कुठेतरी चीर आहे. कच्च्या कुंडीचे सततच्या ओलीने पापुद्रे सुटतात. नवी कुंडी झाड लावण्याआधी काही तास पाण्यात बुडवून ठेवायची, नाहीतर पहिलं पाणी तीच पिऊन टाकते.

रिकामी_गच्ची
खुरपंकाका, पंचाईत अशी की आमच्याकडे दोन्ही प्रकारची माणसं आहेत. सासऱ्यांना दिवसातून दोनदा पाणी घालायचं असतं, आणि ते परगावी गेले की उरलेल्यांना गच्ची आहे याची आठवणही राहत नाही.

कोरडा_विनोद
सोपं आहे. अर्ध्या कुंड्या मातीच्या, अर्ध्या प्लास्टिकच्या, आणि प्रत्येकीवर जबाबदार व्यक्तीचं नाव घाला.

मापाडी
साहित्यावर सगळे बोलतात, मापावर कुणी बोलत नाही.

आपण दुकानात 10 इंची, 12 इंची म्हणतो तो तोंडाचा व्यास. झाडाला व्यासाशी काय देणंघेणं? त्याला माती हवी, आणि ती लिटरमध्ये मोजायची. त्याच घडणीची 10 ऐवजी 12 इंची घेतली तर दोनच इंच वाढले असं वाटतं. पण लांबी, रुंदी, उंची तिन्हीकडे वाढ होते. 1.2 चा घन केला की माती जवळजवळ पावणेदोनपट. 8 वरून 12 वर गेलात तर तिपटीहून जास्त.

दुसरी गंमत निमुळत्या कुंडीची. वर 30 सेंमी, तळाला 22 सेंमी आणि उंची 28 सेंमी अशा नेहमीच्या कुंडीत काठोकाठ 15 लिटर माती बसते. तेच तोंड, तीच उंची, पण भिंती सरळ असतील तर जवळजवळ 20 लिटर. चौकोनी असेल तर 25. जागा तेवढीच अडते. ज्यांची जागा कमी आहे त्यांनी चौकोनी, सरळ भिंतीच्या कुंड्या बघाव्यात.

माझे ठोकताळे: मिरचीला 10-12 लिटर, उंच वाढणाऱ्या टोमॅटोला 20, बुटक्या जातीला 12 चालतं. गुलाबाला 15 ते 20, पण खोली निदान 30 सेंमी हवी. पुदिन्याला खोली नको, पसरायला रुंदी द्या, 15 सेंमी खोल पुष्कळ. लिंबू शेवटी 50 लिटरच्या पुढे जाणार हे धरून चला.

आडमुठा
मग सरळ सगळ्यांना मोठ्या कुंड्या घ्या. एकदाच खर्च, पुन्हा बदलायची कटकट नको.

खुरपं
नको. लहान रोप मोठ्या कुंडीत लावलं की त्याची मुळं मध्ये मूठभर जागेत असतात आणि भोवतीची सगळी माती ओली राहते. ते पाणी प्यायला तिथे कुणीच नाही. वाफसा म्हणून येत नाही. ओल आहे पण हवा नाही, अशा मातीत मुळं कुजतात आणि वरून झाड मलूल दिसतं. मग माणूस म्हणतो पाणी कमी पडलं, आणि अजून घालतो. कुंडी बदलताना व्यासाला पाचेक सेंमी वाढवा, एकदम दुप्पट नको.

घमेलेवाली
हे गुलाब, लिंबू, कोरफड, शोभेच्या झाडांना लागू. टोमॅटो-मिरचीला मी थेट शेवटच्या मापाच्या कुंडीतच लावते. ती इतकी भराभर वाढतात की महिन्याभरात मुळं काठाला लागलेली असतात. आडमुठा अर्धे बरोबर आहेत.

आडमुठा
अर्धं का होईना, या धाग्यावर पहिल्यांदाच कुणी मला बरोबर म्हटलं. नोंद घ्यावी.

शेवाळ
कुणी मूळ गोष्टच सांगितली नाही. कुठलीही कुंडी घ्या, तळाला दोन इंच खडी किंवा विटांचे तुकडे घाला, म्हणजे निचरा चांगला होतो. मी त्याशिवाय कुंडी भरतच नाही.

मापाडी
शेवाळ, इथे माझा ठाम विरोध.

बारीक मातीतून भरड खडीत पाणी आपणहून उतरत नाही. वरची माती पूर्ण भिजून तुडुंब झाली की मगच ते खाली सुटतं. म्हणजे एरवी कुंडीच्या तळाशी जो चिखलट थर राहतो, तो खडीमुळे नाहीसा होत नाही. खडीच्या वर सरकतो, मुळांच्या आणखी जवळ येतो. आणि दोन इंच मातीची जागा गेली ती वेगळीच.

खरं वाटत नसेल तर भांडी घासायचा आयताकृती स्पंज घ्या. पाण्यात भिजवून आडवा धरा. ठिबकणं थांबलं की न पिळता लांब कडेवर उभा करा: पुन्हा पाणी गळेल. मग आखूड कडेवर, अगदी उभा: अजून गळेल. स्पंज तोच, पाणी तेच, फक्त उंची वाढली. त्याच मिश्रणात तळाचा ओलागच्च थर ठरावीक उंचीचाच राहतो, कुंडी उंच असो की बुटकी. उंच कुंडीत त्याच्या वर भरपूर कोरडी जागा उरते. उथळ कुंडीत जवळजवळ सगळीच माती त्या थरात येते. निचरा सुधारायचा तर मिश्रण भरड करा आणि कुंडी थोडी खोल घ्या.

शेवाळ
स्पंजात झाड लावत नाही मी. आमच्याकडे वर्षानुवर्षं खडी घालतात आणि झाडं उत्तम आहेत.

मापाडी
उत्तम असतीलच. तुमच्या मातीत रेती किंवा भुसा भरपूर असेल, कुंड्या खोल असतील. त्यात खडीने फारसं बिघडत नाही. पण चिकट माती आणि आठ इंची कुंडी असलेल्या नवख्याने तुमचं ऐकलं तर झाड जाईल.

घमेलेवाली
दोघेही जरा दम घ्या. भोकावर एक बाकदार खापर पालथं ठेवणं आणि दोन इंचांचा थर घालणं या वेगळ्या गोष्टी आहेत. खापर किंवा जाळीचा तुकडा माती वाहून जाऊ नये म्हणून. तेवढं सगळेच करतात.

शेवाळ
स्पंजाचा प्रयोग केला. गळतं खरं. पण उंच झाडाची कुंडी वाऱ्याने पडते, तिला तळाला वजन नको का? खडीचा तो एक उपयोग तरी माना.

मापाडी
वजनासाठी मानतो. पण त्याआधी कुंडीचा तळ बघा. वर रुंद आणि खाली चिंचोळी कुंडी उंच झाडाला देऊच नये, ती पडणारच. रुंद बुडाची घ्या, किंवा झाडाची कुंडी एका जड बाहेरच्या कुंडीत ठेवा आणि मधल्या फटीत दगड भरा. माती माती राहते, वजनही येतं. आणि 60-70 सेंमी उंचीची शोभेची कुंडी असेल तर तिचा खालचा भाग कशानेही भरा, वर मुळांपुरती खोली उरते. तिथे माझं काही म्हणणं नाही.

तुळई
वजनाचा विषय निघालाच आहे तर गच्चीवाल्यांसाठी लिहितो, कामाचा भाग म्हणून रोज हेच बघतो.

एक लिटर पाणी एक किलो. साधी माती भिजल्यावर लिटरला दीड किलोच्या पुढेच जाते. 20 लिटरची कुंडी म्हणजे 30 किलोहून जास्त, कुंडीचं वजन वेगळं, आणि कुंडी सिमेंटची असेल तर ते वजनही भरभक्कम. अशा दहा कुंड्या एका ओळीत म्हणजे चार-पाच माणसं तिथे कायमची उभी. जड कुंड्या भिंतीलगत, खाली तुळई किंवा खांब असेल तिथे ठेवा. स्लॅबच्या मधोमध किंवा पुढे झुकलेल्या सज्ज्याच्या कडेला नको. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि कंपोस्टचं मिश्रण साध्या मातीपेक्षा बरंच हलकं पडतं. इमारत जुनी असेल किंवा ओल, तडे दिसत असतील तर आधी जाणकाराला दाखवा. कठड्यावर बाहेरच्या बाजूला कुंडी कधीच नाही. खाली माणसं चालतात.

आणि कुंडी जमिनीला चिकटून ठेवू नका, विटांवर किंवा पायांवर ठेवा. खालून हवा खेळली की भोकं मोकळी राहतात, स्लॅबवर कायमची ओल राहत नाही.

रिकामी_गच्ची
हे महत्त्वाचं आहे, घरी वाचून दाखवलं. सिमेंट बाद. तसंही ते लिंबाचं झाड कोण हलवणार होतं!

इतिहासाचा_किडा
अवांतर, पण राहवत नाही. हलवता येणारी झाडं ही हौस फार जुनी आहे. इजिप्तमध्ये राणी हातशेप्सुतच्या देवळाच्या भिंतीवर पुंत देशाहून आणलेली धुपाची झाडं टोपल्यांत घालून माणसं वाहून नेताना कोरलेली आहेत. साडेतीन हजार वर्षं होत आली. इ.स. 79 मध्ये राखेखाली गेलेल्या पॉम्पेईच्या बागांत उत्खननात तळाला आणि बाजूला भोकं पाडलेल्या मातीच्या कुंड्या सापडल्या आहेत. म्हणजे भोक हवं की नको, हा वाद रोमन लोकांनी मिटवलेला आहे.

आणि लिंबूवाल्या ताईंसाठी: व्हर्सायच्या राजवाड्यात संत्र्याची झाडं मोठ्या चौकोनी लाकडी खोक्यांत असत, थंडीत आत न्यायची, उन्हाळ्यात बाहेर. त्या खोक्याच्या बाजू उघडता येतात. झाड न उपटता बाजू काढायची, कडेची मुळं छाटायची, नवी माती भरायची, बाजू परत लावायची. आजही तशी खोकी मिळतात.

निवांत
अवांतर कसलं, सगळ्यांत कामाचा प्रतिसाद आहे हा. पोट फुगलेल्या, तोंड बारीक असलेल्या कुंड्या घेणाऱ्यांनी दोनदा वाचा. त्यात मुळं पोटभर पसरली की झाड काढायला एकच उपाय, कुंडी फोडणे.

घमेलेवाली
किंवा झाडच फोडतं! सापाच्या पट्ट्यासारखं दिसणारं ते स्नेक प्लांट, त्याचे जमिनीतले जाड कोंब दाटले की पातळ प्लास्टिकची कुंडी फुगून वेडीवाकडी होते, मातीची तडकते. आमच्याकडे एकीला उभी चीर गेली होती आणि त्या चिरेतून नवं पान बाहेर आलं होतं. मी ती कुंडी तशीच ठेवली, पाहुण्यांना दाखवायला.

बर्फातला_गडी
इथे बर्फ पडतो, म्हणून आमचा हिशेब वेगळा. पाणी गोठलं की साधारण 9 टक्के फुगतं. मातीच्या कुंडीच्या भिंतीत पाणी असतंच, ते फुगलं की कुंडी पापुद्र्यांनी सुटते किंवा सरळ दोन तुकडे. बाहेर ठेवायच्या कुंड्या प्लास्टिक, लाकूड, फायबरच्या. मातीच्या असतील तर थंडीआधी रिकाम्या करून आत. शिवाय जमिनीत मुळांना चहूबाजूंनी मातीची ऊब असते, कुंडीत ती नाही. म्हणून झाड जमिनीत जी थंडी सोसतं ती कुंडीत सोसेलच असं नाही.

खुरपं
तुमच्याकडे थंडी, आमच्याकडे ऊन, पण मुद्दा तोच: कुंडीत मुळांना पांघरूण नाही. रोपवाटिकेतून येतात त्या काळ्या प्लास्टिकच्या कुंड्या दुपारच्या उन्हात हात लावून बघा. उन्हाकडच्या बाजूची माती 50 अंशांपर्यंत तापू शकते. 40 च्या आसपासच बहुतेक मुळांची वाढ थांबते, त्यापुढे ती मरतात. म्हणून झाड भर पाण्यात सुकल्यासारखं दिसतं. तेव्हा, ताई, तुमच्या घरातल्यांचा पांढऱ्या कुंड्यांचा आग्रह निदान उन्हाच्या बाजूला शंभर टक्के बरोबर आहे. कारण त्यांना माहीत नसेल, पण बरोबर आहे. फिका रंग घ्या, कुंड्या एकमेकींना खेटून ठेवा, पुढे बुटक्या कुंड्यांची रांग लावा म्हणजे मागच्यांवर सावली पडते.

रिकामी_गच्ची
हे वाक्य मी घरी वाचून दाखवणार नाहीये.

पाटपाणी
कापडी ग्रो बॅगवर कुणीच नाही? न विणलेल्या जाड कापडाच्या पिशव्या. गुळगुळीत प्लास्टिकच्या कुंडीत मूळ भिंतीला आपटलं की वळतं आणि गोल गोल फिरत राहतं, शेवटी स्वतःचाच गळफास. कापडात मूळ कडेला पोहोचलं की हवा लागून त्याचं टोक वाळतं आणि मागून नवे फाटे फुटतात. गोळा होण्याऐवजी बारीक मुळांचं जाळं तयार होतं. हलक्या असतात, घडी करून ठेवता येतात.

तोटा: सगळ्या बाजूंनी वाळतात, पाणी जास्त लागतं. आणि खाली पाण्याचे डाग पडतात. नुसत्या ग्रो बॅग म्हणून ज्या प्लास्टिकच्या पातळ पिशव्या विकतात त्यांत हा फायदा नाही, आणि उन्हाने त्या लवकर तडकतात.

भंगारप्रेमी
आणि विकतच का घ्यायचं? डबे, बादल्या, पिंपं, टायर, फुटके टब, थर्माकोलची खोकी. माझी अख्खी बाग भंगाराची आहे.

मापाडी
भंगाराला विरोध नाही, पण भाज्या लावणार असाल तर निवडून. प्लास्टिकच्या तळाला त्रिकोणात आकडा असतो. 2 आणि 5 चांगले. 3 म्हणजे पीव्हीसी, तो भाजीला टाळा. आत रसायन, कीटकनाशक, तेल असलेलं पिंप धुतलं तरी नको. रंगाचे डबे नको. टायरच्या रबरात झिंक ऑक्साइड असतं, ते मातीत उतरतं, म्हणून टायरात फुलझाडं लावा, मिरची नको. जुनं, रसायन पाजून टिकाऊ केलेलं लाकूड असेल तर त्यात आर्सेनिक असू शकतं, तेही भाजीपासून दूर.

भंगारप्रेमी
आकड्यांचं ठाऊक होतं, टायरचं नव्हतं. सदाफुली लावली आहे, वाचलो. पण थर्माकोल? त्याच्या बाजूने कुणी बोला की.

घमेलेवाली
मी बोलते. हलका, आणि उष्णता जाऊ देत नाही, मुळं ऊन-थंडी दोन्हीत सुरक्षित. पालेभाजीला फारच छान. पण उन्हात वरून भुगा सुटायला लागतो आणि ते दाणे वाऱ्याबरोबर सगळीकडे जातात. बाहेरून कापड किंवा पोतं गुंडाळा. आणि भरलेलं खोकं काठाला धरून उचलू नका, काठ हातात येतो.

सुबक
मला एक विचारायचं होतं. चिनी मातीच्या सुंदर कुंड्या आहेत, पण खाली भोकच नाही. पाणी बेताने घातलं तर चालेल ना?

कोरडा_विनोद
रोमन लोकांनी मिटवलेला वाद पुन्हा उकरू नका.

खुरपं
सुबक, बेताने म्हणजे किती हे झाड सांगत नाही, आणि जादा झालेलं पाणी काढता येत नाही. दोन मार्ग. एक, झाड साध्या भोकाच्या प्लास्टिकच्या कुंडीत ठेवा आणि ती कुंडी या सुंदर कुंडीत बसवा. पाणी घालताना बाहेर काढा, निथळू द्या, परत ठेवा. घरातल्या झाडांना हेच उत्तम. दुसरा, भोक पाडा. फरशीला भोक पाडायचं हिऱ्याच्या कणांचं पातं घ्या, ड्रिल हळू चालवा, त्याचा ठोके देणारा हॅमर मोड बंद. जागेवर चिकटपट्टी लावली की पातं घसरत नाही. मध्ये मध्ये पाणी शिंपडत राहा, पण वीज आणि पाणी एकत्र आहे, जपून. जोर अजिबात लावायचा नाही. डोळ्यांवर चष्मा. आणि ज्या कुंडीवर जीव आहे तिच्यावर पहिला प्रयोग नको.

सिमेंटच्या कुंडीबद्दलही इथेच सांगतो. नव्या सिमेंटमधून चुना सुटतो आणि माती अल्कधर्मी होते. काही दिवस पाणी भरून, बदलून घ्या. अझेलिया, अनंत अशी आम्ल माती मागणारी झाडं त्यात नकोतच.

आडमुठा
मातीच्या कुंडीवर पांढरं पांढरं येतं ते काय? बुरशी का?

शेवाळ
ते क्षार. पाण्यातले आणि खतातले. पाणी भिंतीतून उडून जातं, क्षार मागे राहतात. झाडाला अपाय नाही. फारच दाट आलं असेल तर खत कमी करा आणि कधीतरी एकदा भरपूर पाणी सोडून माती धुऊन काढा. कुंडी रिकामी असेल तेव्हा व्हिनेगर घातलेल्या पाण्याने घासली की जातं. हिरवं येतं ते मात्र शेवाळ, आणि ते मला आवडतं, नावावरून कळलं असेलच.

दवाखाना
ताटल्यांबद्दल एक शब्द नाही? कुंडीखालच्या ताटलीत साचलेलं पाणी म्हणजे डेंगीच्या डासांची शाळा. एडिस डासाला अंड्यापासून पूर्ण डास व्हायला उष्ण हवेत साधारण आठवडा ते दहा दिवस पुरतात. पाणी नुसतं ओतून देणंही पुरेसं नाही. अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर भिंतीला चिकटवलेली असतात आणि कोरडी असली तरी महिनोन् महिने टिकतात. आठवड्यातून एकदा ताटली घासून काढा. गच्चीवर ताटलीची गरजच काय? काढून टाका.

निवांत
+1. आमच्या ताटल्या आजच गेल्या.

पाटपाणी
सासरे परगावी गेल्यावर काय, हा ताईंचा मूळ प्रश्न अनुत्तरितच आहे. खाली पाण्याचा साठा आणि वातीने पाणी वर ओढणाऱ्या कुंड्या येतात. टोमॅटो, पुदिना, शोभेच्या पानांना झकास. पण साठ्याला बाहेर पडणारं भोक आहे का बघा, नाहीतर पावसात झाड बुडतं. साठ्याचं तोंड झाकलेलं हवं, दवाखाना यांच्यासाठी. पाणी कायम खालून वर येत असल्याने क्षार वरच्या थरात जमतात, म्हणून अधूनमधून वरून धुवायचं. कोरफडीला ही कुंडी म्हणजे शिक्षा.

दुसरा जुना उपाय: मोठ्या कुंडीत मधोमध एक छोटं, चकाकी न दिलेलं मडकं गळ्यापर्यंत पुरा आणि पाण्याने भरून तोंड झाका. आजूबाजूची माती कोरडी झाली की मडक्यातून पाणी झिरपतं, ओली असली की झिरपणं मंदावतं. चीनमध्ये दोन हजार वर्षांपूर्वीपासून ही पद्धत माहीत होती. लिंबाच्या मोठ्या कुंडीत करून बघा, फक्त झाड लहान असतानाच पुरा. नंतर मुळं तोडावी लागतात.

कोरडा_विनोद
म्हणजे मातीची कुंडी नको, पण कुंडीत मातीची कुंडी हवी.

रिकामी_गच्ची
सगळं वाचलं, काही घरी वाचून दाखवलं, काही मुद्दाम नाही दाखवलं. ठरलं ते असं:

उन्हाच्या बाजूला चौकोनी, फिक्या रंगाच्या प्लास्टिकच्या कुंड्या, टोमॅटोला 20 लिटर, मिरचीला 12. म्हणजे घरच्यांची पांढरी रांग झाली, फक्त मापं वेगवेगळी. सासऱ्यांच्या वाट्याला गुलाब, मातीच्या कुंडीत, वाजवून आणलेल्या. तिथे त्यांनी हवं तेवढं पाणी घालावं. पुदिना रुंद ट्रेमध्ये, सकाळच्या उन्हात. सावलीतल्या झाडांना साठ्याच्या कुंड्या, तिकडे कुणी जात नाही. लिंबू आत्ता 15 लिटरच्या कापडी पिशवीत, पुढे 60 लिटरच्या निळ्या पिंपात, अर्धं कापून. तुळईदादा, ते भिंतीच्या कोपऱ्यातच ठेवणार आहे. कोरफडीला उरलेली एक पांढरी प्लास्टिकची.

खुरपं
कोरफडीचं सोडून सगळं पटलं. तिला मातीची उथळ द्या आणि ती सासऱ्यांपासून लांब ठेवा. गुलाबाच्या शेजारी ठेवलीत तर तिलाही दिवसातून दोनदा पाणी मिळेल.

मापाडी
60 लिटरचं पिंप अर्धं कापलं तर 30 च उरतं. लिंबाला सध्या पुरेल, पण शेवटचं घर म्हणून नाही. वरचं झाकण कापून पूर्ण पिंप वापरा.

रिकामी_गच्ची
हो की! मग पूर्णच. भोकं किती पाडू?

तुळई
पूर्ण भरलं तर 90 किलोच्या पुढे जाईल, मिश्रण हलकं घ्या आणि भरण्याआधीच जागेवर ठेवा. तळाला बोटाएवढी सात-आठ भोकं. शिवाय बाजूला, तळापासून दोन सेंमीवर चार. पिंपाचा तळ सपाट असतो, फरशीला टेकला की खालची भोकं बंद होतात, मग बाजूचीच उपयोगी पडतात. तरीही खाली विटा हव्यातच.

भंगारप्रेमी
पिंपात आधी काय होतं ते विकणाऱ्याला विचारा. आणि कापलेलं झाकण टाकू नका, मला द्या.